तिसरी-चौथीच्या मुलांना आपला वर्ग कसा वाटतो, हे मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला कृतिसंशोधनासाठी, म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण शोधून त्यावर उपाय करून पाहायच्या अभ्यासासाठी, मुलांना वर्गाचं वातावरण कसं वाटतं ते मोजायचं आहे. पटावर २६ मुलं. प्रश्नावली कोणती घ्यावी, प्रश्न किती असावेत, पर्याय तीन ठेवावेत की पाच, आणि शेवटी हाती आलेल्या आकड्यांचं करायचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, घाईत असाल तर एवढं घ्या: बारा ते पंधरा छोटी विधानं, तीन पर्याय, प्रत्येक विधान मोठ्याने वाचून दाखवायचं, मुलांनी त्याच कागदावर खूण करायची, कागदावर नाव नको, आणि वाचणारी व्यक्ती तुम्ही स्वतः नको. यातली शेवटची अट पाळता येत नसेल तर मोजणी पुढे ढकला, पण तशीच करू नका. प्रश्नावली कोणती, यावर आपल्याकडे खूप खल होतो. मूल उत्तर देताना कोणाच्या नजरेसमोर बसलेलं आहे, याचा विचार फारसा कोणी करत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत विधानाच्या शब्दांपेक्षा त्या नजरेने उत्तर जास्त बदलतं.

आता सविस्तर.

वर्गाचं 'वातावरण' मोजता येतं ही कल्पना जुनी आहे. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात दहा-अकरा वर्षांच्या मुलग्यांची छंदमंडळं चालवली. कुठे हुकूमशाही पद्धतीचा प्रमुख, कुठे सगळ्यांना विचारून चालणारा, तर कुठे मुलांना मोकळं सोडून देणारा. १९३९ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. हुकूमशाही प्रमुखाच्या काही गटांत भांडणं अगदी कमी दिसली. मुलं गप्प, कामात, शिस्तीत. पण प्रमुख खोलीबाहेर गेला, किंवा गट मोकळ्या पद्धतीकडे वळवला, की दाबून ठेवलेलं सगळं वर यायचं. आपल्याकडे अधिकारी वर्गात डोकावतात, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पाहतात आणि शेऱ्यात 'वर्गशिस्त उत्तम' लिहून जातात. त्या शांततेत मुलाला कसं वाटतं हे दारातून कळत नाही, म्हणून तर मुलाला विचारायचं.

पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस हर्बर्ट वॉलबर्ग यांनी हार्वर्डच्या भौतिकशास्त्र अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनासाठी एक मोठी प्रश्नावली तयार केली, त्यात १०५ विधानं होती. रुडॉल्फ मूस यांनी स्वतंत्रपणे वर्गाच्या वातावरणाचे तीन पैलू मांडले: माणसामाणसांतले संबंध, व्यक्तीची वाढ, आणि व्यवस्था कशी टिकते-बदलते. ही दोन्ही कामं मोठ्या मुलांसाठीची. प्राथमिकच्या मुलांसाठी वॉलबर्ग यांच्या प्रश्नावलीवरून 'माय क्लास इन्व्हेंटरी' बेतली गेली. ऑस्ट्रेलियातले बॅरी फ्रेझर यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या या प्रश्नावलीत वॉलबर्ग यांच्या १५ घटकांऐवजी पाचच ठेवले: एकोपा, भांडणतंटा, समाधान, कामाची कठीणता आणि चढाओढ. १९८२च्या आवृत्तीत ३८ विधानं होती. नंतर २५ विधानांची छोटी आवृत्तीही झाली. उत्तर फक्त हो किंवा नाही. आणि मला सगळ्यात शहाणपणाचा वाटलेला बदल म्हणजे उत्तरपत्रिका वेगळी नाही, विधानासमोरच खूण. चौथीच्या मुलाला 'प्रश्नपत्रिकेवरचा सातवा प्रश्न आणि उत्तरपत्रिकेवरचा सातवा चौकोन' ही कसरत करायला लावली, तर आपण वातावरण मोजत नाही, त्याचं ओळ शोधण्याचं कौशल्य मोजतो.

१९९०च्या दशकात सिंगापूरमध्ये ३९ वर्गांतल्या दीड हजारांहून अधिक प्राथमिकच्या मुलांवर गणिताच्या संदर्भात हीच प्रश्नावली सुधारून वापरली गेली. तिथे हो-नाही ऐवजी तीन पर्याय ठेवले: क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा. मी तीन पर्यायांच्या बाजूची आहे. 'वर्गात भांडणं होतात का' याला हो-नाहीत उत्तर द्यायचं तर जगातल्या प्रत्येक वर्गातून 'हो' यायला हवं. पाच पर्याय मात्र या वयाला नकोत. 'बऱ्याचदा' आणि 'बहुतेक वेळा' यांतला फरक आपल्यालाच धड सांगता येत नाही, मुलं त्यात एक तर पहिल्यावर खूण करतात किंवा शेवटच्यावर.

पाचही घटक जसेच्या तसे उचलू नका. 'कठीणता' आणि 'चढाओढ' यांचा अर्थ आपल्या वर्गात सरळ लागत नाही. 'इथलं काम अवघड आहे' याला मूल 'नेहमी' म्हणालं, तर वर्गाला ती तक्रार वाटते की अभिमान? नवोदयची किंवा शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या वर्गात तो अभिमान असू शकतो. ज्या घटकाचा आकडा वाढला तर हसावं की रडावं हे तुम्हालाच ठरवता येत नाही, तो घटक कृतिसंशोधनात ठेवून उपयोग नाही. त्याऐवजी आपल्या मुलांच्या दिवसात ज्याला फार महत्त्व आहे ते घ्या: चुकण्याची भीती. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. कलम २९ने मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं, त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं असं म्हटलं. ते खरंच होतं आहे का, हे तपासायचं साधन मात्र शाळेच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. पोषण आहारातल्या तांदळाचा हिशेब रोज लिहावा लागतो, भीतीचा कोणी मागत नाही.

तेव्हा माझ्या मते चार घटक पुरेत: मुलांमुलांतला एकोपा, त्रास-भांडण, शिक्षकांचा आधार, आणि काम करताना वाटणारी भीती किंवा मोकळीक. प्रत्येकाची तीन-चार विधानं.

विधानं लिहिताना सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा. इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर करून, ते पुन्हा इंग्रजीत उलटवून, दोन तज्ज्ञांची सही घेऊन प्रबंधाचं प्रकरण पूर्ण होतं, पण मुलाला काय कळलं हे तसंच राहतं. त्यापेक्षा दुसऱ्या शाळेतल्या चौथीच्या पाच-सहा मुलांना एकेकटं घेऊन बसा. विधान वाचा आणि विचारा, 'म्हणजे काय रे? तुझ्या शब्दांत सांग बरं.' मग 'तू ही खूण का केलीस?' असं विचारा. 'वर्गातील विद्यार्थी परस्परांना सहकार्य करतात' यावर मूल 'हो' म्हणेल आणि कारण विचारल्यावर 'पुस्तकात आहे तसं' असं सांगेल. 'मला खोडरबर लागलं तर कोणीतरी देतं' यावर ते क्षणभर थांबेल, कोण देतं ते आठवेल, कोण देत नाही तेही आठवेल. विधान असं हवं की मुलाच्या डोळ्यांसमोर बाक, मधली सुट्टी, फळा, हातपाय धुवायचा नळ असं काहीतरी यावं.

'नाही' असलेली विधानं टाळा. 'मला वर्गात भीती वाटत नाही' याला 'कधीच नाही' अशी खूण केली तर भीती वाटते की नाही वाटत? मोठी माणसंही इथे अडखळतात. हर्बर्ट मार्श यांनी १९८६मध्ये दाखवून दिलं की किशोरवयाच्या आधीच्या मुलांना अशी उलटी वाक्यं नीट हाताळता येत नाहीत, आणि वाचनात कच्ची असलेली मुलं जास्त घसरतात. म्हणजे तुमच्या आकड्यांत 'वातावरण वाईट' असं जे दिसेल, ते प्रत्यक्षात 'वाचन कच्चं' असू शकतं. वाईट गोष्टीबद्दल मात्र जरूर विचारा, फक्त सरळ वाक्यात: 'मला चिडवतात', 'उत्तर चुकेल अशी मला भीती वाटते.' सगळी विधानं गोडगोड ठेवली तर मुलं एकाच रांगेत खुणा करत खाली येतात.

मराठीत आणखी एक अडचण येते, तिच्याकडे शहरातले प्रश्नावलीकार हमखास दुर्लक्ष करतात. 'मी बाईंना शंका विचारतो/विचारते' असं तिरप्या रेघेचं वाक्य चौथीच्या मुलाला वाचताना बोचतं आणि वाचून दाखवताना तर विचित्रच वाटतं. 'मला बाईंना विचारता येतं' असं लिहिलं की काम भागतं. 'मला'ने सुरू होणारी वाक्यं याच कारणाने सोयीची.

'मला' आणि 'आमच्या वर्गात' हा फरक त्याहून मोठा आहे. 'आमच्या वर्गात चिडवाचिडवी होते' हे मूल साक्षीदार म्हणून सांगतं. 'मला चिडवतात' हे स्वतःवर बेतलेलं सांगतं. पहिल्यात सगळ्या वर्गाची उत्तरं बरीचशी जुळायला हवीत, कारण सगळे एकच खोली पाहत आहेत. दुसऱ्यात जुळायलाच हवीत असं नाही. तुम्हाला वर्ग सुधारायचा आहे, त्यामुळे बहुतेक विधानं 'मला'ची ठेवा आणि एक-दोन 'आमच्या वर्गात'ची. आणि बहुवर्ग अध्यापन असेल, तिसरी-चौथी एकाच खोलीत बसत असतील, तर 'आमचा वर्ग' म्हणजे ही खोली की फक्त चौथी, हे आधीच सांगून टाका. नाहीतर अर्धी मुलं एक धरतात, अर्धी दुसरं.

मी तुमच्या जागी असते तर साधारण अशी विधानं घेतली असती. शब्द तुमच्या गावाप्रमाणे बदला.

मधल्या सुट्टीत मला खेळायला घेतात.
मला खोडरबर किंवा पेन्सिल लागली तर कोणीतरी देतं.
माझ्याशेजारी बसायला मुलांना आवडतं.
गटात काम करताना माझं म्हणणं ऐकतात.
वर्गातली मुलं मला चिडवतात.
कोणीतरी मला ढकलतं किंवा मारतं.
आमच्या वर्गात भांडणं होतात.
मला समजलं नसेल तर बाई परत सांगतात.
मला बाईंना शंका विचारता येते.
बाई माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतात.
उत्तर चुकेल अशी मला भीती वाटते.
माझं चुकलं की मुलं हसतात.
वर्गातलं काम मला जमतं.
सकाळी शाळेत यावंसं वाटतं.

पर्याय: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. अक्षरं मोठी, ओळींमध्ये अंतर, आणि एक ओळ पांढरी एक राखाडी, म्हणजे डोळा घसरत नाही. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं लावू नका. ती गोंडस दिसतात, म्हणून प्रशिक्षणांत फार लोकप्रिय आहेत. पण 'मला चिडवतात: नेहमी' यासमोर हसरा चेहरा काढायचा की रडका? शिवाय मुलं चेहरा आवडला म्हणून त्यावर खूण करतात. भरलेला, अर्धा भरलेला आणि रिकामा पेला अशी तीन चित्रं त्यापेक्षा बरी.

ज्यांच्या घरी कोरकू, पावरी, माडिया, गोरमाटी बोलतात अशी मुलं वर्गात असतील, तर विधान मराठीत वाचून झाल्यावर त्यांच्या बोलीत सांगणारं कोणीतरी मोठं माणूस हवं. वर्गातल्याच हुशार मुलाला दुभाष्या करू नका. 'मला चिडवतात' हे विधान चिडवणाऱ्यानेच समजावून सांगितलं तर काय उत्तर येणार?

आता प्रत्यक्ष दिवसाबद्दल. वाचून दाखवणारी व्यक्ती तुमच्या शाळेतली नको. मुख्याध्यापक तर मुळीच नकोत. सोपा मार्ग म्हणजे केंद्रातल्या दुसऱ्या शाळेच्या शिक्षिकेशी अदलाबदल: त्या तुमच्या वर्गात, तुम्ही त्यांच्या वर्गात. केंद्रप्रमुखांना शिक्षण परिषदेत आधी कल्पना द्या, तोंडी परवानगी पुरते असं गृहीत धरू नका. (पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदल्यांमुळे शेजारच्या शाळेतले सर म्हणजे बाईंचे यजमान, अशी स्थिती काही केंद्रांत असते आणि मुलांना ती आपल्याआधी माहीत असते. तेही चालणार नाही.) पालकांना पालकसभेत सांगा, लेखी संमती घ्या. ज्या मुलाला भरायचं नसेल त्याला चित्र काढू द्या, आणि ते चित्रही तसंच घडी घालून पेटीत टाकू द्या, म्हणजे कोणी भरलं नाही हे उघड होत नाही.

मुलांच्या लेखी कागदावर खुणा करायच्या म्हणजे परीक्षा. शेजारच्याकडे पाहणं, 'मॅडम, बरोबर काय आहे?' असं विचारणं, मॉनिटरने जाऊन दुसऱ्याचं दुरुस्त करणं, हे सगळं होणार. म्हणून आधी सरावाची तीन विधानं. 'मला कारल्याची भाजी आवडते' यावर हात वर करायला लावा. कोणी नेहमी म्हणतं, कोणी कधीच नाही, हशा होतो आणि दोघंही बरोबर असतात हे न सांगता कळतं. 'आपल्या शाळेत हत्ती येतो' हे मुद्दाम घ्या. त्यावरही 'नेहमी' अशी खूण करणारी दोन-तीन मुलं निघतात. ती खोटी नाहीत, 'हो' म्हणणं म्हणजे शहाणं असणं हे ती शाळेतच शिकली आहेत. सराव कागदावरच छापला असेल तर विश्लेषण करताना ही उत्तरं सावधपणे पाहता येतात. मुलांना लांब लांब बसवा, दप्तर उभं करून आडोसा करू द्या. त्यांना हे आवडतं, परीक्षेत न चालणारी गोष्ट इथे चालते याची मजा वाटते. भरून झालं की घडी घालून बंद पेटीत. पेटी तुमच्या टेबलावर राहता कामा नये.

पेन्सिलीने खूण करू द्या पण अक्षर लिहायला लावू नका. चौथीच्या वर्गशिक्षिकेला २६ अक्षरं झोपेतही ओळखता येतात. मुलगा-मुलगी, वय, जात-प्रवर्ग असं काहीही विचारू नका. प्रबंधाच्या मार्गदर्शकांना 'लिंगनिहाय तुलना' हवी असते हे मला ठाऊक आहे. २६ मुलांत ११ मुली असतील तर निदान मुलगा-मुलगी एवढं चालेल, पण पट १२ आणि मुली तीन असतील तर ती तुलना म्हणजे तीन मुलींची नावं सांगणंच. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा आहेत, तिथे हा मुद्दा कायम येतो. पाचपेक्षा लहान गटाचा आकडा वेगळा दाखवू नये हा नियम पाळा, शक्य असेल तर दहा धरा.

आकडेमोडीकडे येऊ. 'नेहमी'ला ३, 'कधीकधी'ला २, 'कधीच नाही'ला १. त्रासाच्या विधानांना उलटे गुण. इथपर्यंत सगळे येतात, सरासरी काढतात आणि थांबतात.

समजा २४-२४ मुलांचे दोन वर्ग आहेत आणि विधान आहे 'मधल्या सुट्टीत मला खेळायला घेतात'. पहिल्या वर्गात १२ मुलं 'नेहमी' म्हणाली, १२ 'कधीकधी'. सरासरी २.५. दुसऱ्या वर्गात १८ म्हणाली 'नेहमी', सहा म्हणाली 'कधीच नाही'. सरासरी पुन्हा २.५. अहवालात दोन्ही वर्ग सारखे. पण दुसऱ्या वर्गात सहा मुलं रोज भिंतीला टेकून उभी राहतात. तुम्हाला जे शोधायचं होतं ते या सहांत होतं आणि सरासरीने ते गिळलं. म्हणून प्रत्येक विधानासमोर तीन आकडे लिहा: किती नेहमी, किती कधीकधी, किती कधीच नाही. साधा कागद पुरतो. एवढ्यासाठी संगणकावरचं सांख्यिकी पॅकेज शिकायची गरज नाही.

तुमचं काम एका वर्गाचं आहे, त्यामुळे पुढचा परिच्छेद ज्यांना अनेक वर्गांची तुलना करायची आहे त्यांच्यासाठी. तिथे मुलांची संख्या मोठी असून चालत नाही, वर्गांची संख्या मोठी लागते. ५०० मुलं पण वर्ग फक्त दहा, तर वर्गपातळीवर तुमच्याकडे दहाच नोंदी आहेत. आधी पाहायचं की उत्तरांतला किती फरक वर्गावर्गांमधला आहे आणि किती एकाच वर्गातल्या मुलामुलांमधला. याला अंतर्वर्ग सहसंबंध म्हणतात. समजा तो ०.१५ आला, म्हणजे १५ टक्के फरक वर्गामुळे. वर्गात २५ मुलं असतील तर वर्गाच्या सरासरीची विश्वसनीयता सुमारे ०.८२ येते, म्हणजे चांगली. आठच मुलं असतील तर तीच ०.५९पर्यंत घसरते. छोट्या शाळांची सरासरी घेऊन तालुक्यात क्रमवारी लावू पाहणाऱ्यांनी हे गणित एकदा हाताने करून बघावं. एकाच वर्गावर काम करणाऱ्यांच्या मागे आणखी एक ससेमिरा असतो, क्रॉनबाखचा अल्फा (एका घटकातल्या विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) ०.७च्या वर आलाच पाहिजे हा. तीन-चार विधानांच्या घटकाला आणि २६ मुलांना तो हमखास यावा अशी अपेक्षाच चूक. अल्फा वाढवण्यासाठी एकच गोष्ट चार वेगळ्या शब्दांत विचारणारी विधानं घुसवली जातात, आणि मुलं मान वर करून सांगतात, 'हा प्रश्न मघाशी झाला.'

एक गोष्ट मात्र नक्की करा. मुलं भरत असतील त्याच वेळी, दुसऱ्या खोलीत बसून, तीच विधानं तुम्हीही भरा: 'माझ्या वर्गातली बहुतेक मुलं काय म्हणतील?' या क्षेत्रात वेगवेगळ्या देशांत वारंवार दिसलेली गोष्ट अशी की एकाच वर्गाबद्दल शिक्षकांचं मत मुलांच्या मतापेक्षा उजळ असतं. तुमचंही तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. जिथे दोघांतली दरी सगळ्यात मोठी, तिथे काम सुरू करायचं. बहुतेक वर्गांत ती 'बाई माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतात' या विधानावर असते असा माझा अनुभव आहे. एका तासात ३५ मिनिटं, त्यात हजेरी, कुठल्या तरी ॲपवरची माहिती आणि मधेच कार्यालयातून येणारा निरोप. ऐकून घ्यायला वेळच कुठे असतो! पण मुलाच्या हिशेबात हे बसत नाही. त्याच्या हिशेबात त्याचं वाक्य अर्धं राहिलं, एवढंच.

फ्रेझर यांच्या कामातली आणखी एक युक्ती चांगली आहे: 'आता कसं आहे' आणि 'कसं असावंसं वाटतं' असे दोन कागद. पण चौथीला दोन्ही एका दिवशी देऊ नका, मुलं गोंधळतात. दुसरा हवाच असेल तर आठवड्याने द्या, आणि नाही दिला तरी चालेल. 'मला चिडवावं असं वाटतं: कधीच नाही', हे कळायला प्रश्नावली लागत नाही.

पहिली-दुसरीसाठी काही सुचवा, असंही तुम्ही शेवटी लिहिलं आहे. त्या वयाला कागद देऊच नका. शाळेचा मोठा नकाशा जमिनीवर खडूने काढा: वर्ग, व्हरांडा, नळ, स्वच्छतागृह, मैदान, कार्यालय. मुलाला एकेकटं बोलावून चिंचोके द्या, 'जिथे बरं वाटतं तिथे ठेव', मग खडे द्या, 'जिथे जायला नको वाटतं तिथे ठेव'. खडे पुष्कळदा स्वच्छतागृहापाशी आणि कार्यालयाच्या दारात जमतात. मग 'इथे का रे?' एवढंच विचारायचं. सोशोमेट्रीचं, म्हणजे 'तुला कोणाशेजारी बसायला आवडेल' हे विचारणं उपयोगी आहे. 'कोणाशेजारी नको' हे मात्र विचारू नका. प्रश्न विचारून झाल्यावर मुलं बाहेर जाऊन 'मी तुझं नाव सांगितलं' असं एकमेकांना सांगतात, आणि जे मूल आधीच एकटं आहे त्याचं एकटेपण आपण अधिकृत करतो.

एक सावधगिरी कायद्याची. मुलांना 'तुम्ही लिहाल ते कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'कोणी काय लिहिलं हे बाईंना कळणार नाही, पण कोणाला फार त्रास होत असेल तर आम्ही मदत करू' असं सांगा. नंतर बोलताना एखाद्या मुलाने लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं, तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे संशोधनाची गोपनीयता चालत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक वर्गात तसाही लावलेला असावा.

आणि हे आकडे वर जाऊ देऊ नका. एकदा का ते तालुक्याच्या तक्त्यात गेले, आणि कोणाच्या वर्गाला किती गुण यावरून शेरे सुरू झाले, की पुढच्या वेळी मुलांना आदल्या दिवशी उत्तरं पाठ करून दिली जातील. यात शिक्षकांना दोष देत नाही, वाचन पातळीच्या चाचण्यांचं काही ठिकाणी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कृतिसंशोधनाच्या अहवालात शाळेचं नाव घालायची सक्ती असेल तर मार्गदर्शकांशी बोलून ते काढून घ्या.

मुलांना मात्र निकाल सांगा, आठवड्याच्या आत. फळ्यावर तीनच विधानं लिहा, ज्यांत उत्तरं फार विखुरली आहेत ती. 'आपल्यातली सहा जणं म्हणतात की त्यांना खेळायला कोणी घेत नाही. आपण काय करू या?' एवढंच. ती सहा जणं कोण, हे शोधायला निघू नका, मुलांनाही निघू देऊ नका. वर्गाकडून दोन-तीन उपाय येतील. त्यातला एक, मुलांनीच निवडलेला, दीड-दोन महिने चालवा: मधल्या सुट्टीत गट चिठ्ठीने पाडायचे, रोज नवा जोडीदार, असं काहीही. सगळ्या चौदा विधानांवर एकदम काम करू नका.

मग तीच प्रश्नावली, तीच वाचणारी व्यक्ती, शक्य तर तोच वार आणि तीच वेळ. स्नेहसंमेलनाच्या किंवा सहलीच्या आठवड्यात घेऊ नका, तेव्हा सगळेच वर्ग आनंदी असतात. संकलित चाचणीच्या आदल्या आठवड्यातही नको. पहिली मोजणी जूनमध्ये करू पाहणाऱ्यांनाही थांबवते: शाळा उघडल्यावर महिनाभर तरी मुलांच्या मनात मागच्या वर्षीचेच बाई किंवा सर असतात. ऑगस्टचा मध्य आणि नंतर दिवाळीच्या सुट्टीआधीचे दोन आठवडे, असं धरलंत तर संकलित चाचणीचं वेळापत्रक एकदा तपासून घ्या, ते बरेचदा नेमकं तिथेच येतं.